रकान्यात न लिहिलेली पंधरा वर्षं

अर्ज एकाच पानाचा होता, पण एमोसीने त्याच्यावर दोन दिवस घालवले. नाव, गाव, वडिलांचं नाव, लायसन्स कुठल्या वर्गाचं, इथवर पेन भराभर पळालं. मग ‘आधीची नोकरी’ हा रकाना आला आणि गाडं अडलं. सिमेंटच्या लॉरीवरची आठ वर्षं त्याने लिहिली. त्याआधीची पंधरा वर्षं तो फौजेत होता. ती लिहावीत की गिळून टाकावीत, हे काही त्याचं ठरेना.

तुम्ही म्हणाल, फौजेत असणं ही काय लपवायची गोष्ट झाली? खरं आहे. आमच्या फिजीत दर दुसऱ्या घरात भिंतीवर गणवेशातला एक फोटो असतो आणि त्याच्याखाली शांतिसेनेच्या नोकरीत वाळवंटातून आणलेला उंटांच्या चित्राचा गालिचा. एमोसीच्या बेटावर तर लहान पोरंही त्याला कॉर्पोरल म्हणूनच हाक मारत. पण अर्ज होता ब्रिजमती अम्माकडे. तावुआच्या आसपासच्या ऊसवस्त्यांमधून मुलांना शाळेत नेणाऱ्या तीन बसगाड्या तिच्या. दोन हजार साली सरकार उलथलं आणि जमाव हिंदुस्थानी घरांवर तुटून पडले, तेव्हा पूर्वेकडचं तिचं घर एका दुपारी लुटलं गेलं. भांडी गेली, गाई गेल्या, दाराची कडीसुद्धा कुणीतरी उचकटून नेली. नवऱ्याने धसका घेतला आणि वर्षाच्या आत तो गेला. त्या दुपारी रस्त्याच्या वळणावर हिरव्या कपड्यातली दोन माणसं उभी होती, आणि त्यांनी तोंड फिरवून घेतलं होतं. ते खरे शिपाई होते की कुणाचे कपडे चढवलेले भुरटे, हे तिला कधीच कळलं नाही. हिरव्या कपड्याशी तिचा संबंध त्या दिवशी संपला. गेल्या वीस वर्षांत तिने एकाही माजी शिपायाला कामावर ठेवलं नव्हतं, आणि हे तावुआच्या बाजारात भाजी घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

एमोसीची बायको वासिती त्याच बाजारात भाजी विकायची, म्हणजे तिला तर सगळ्यांच्या आधी ठाऊक.

“पंधरा वर्षं कुठे होतास म्हणून विचारलं तर काय सांगशील? झोपलो होतो?” ती म्हणाली.

“सरकारी ट्रकवर ड्रायव्हर होतो म्हणेन. वाळवंटात पाण्याचा टँकर चालवत नव्हतो का मी? यात खोटं काय आहे?”

“खोटं काही नाही. पण तुझे कान बघ कसे लाल झालेत.”

त्याचे कान खरंच लाल झाले होते. पण करणार काय? लॉरीची कंपनी बंद पडली होती. आठ वर्षं तो राजधानीत, सुवाला राहून फक्त शनिवारी घरी यायचा, आणि त्याची लेक लितिया तेरा वर्षांची होऊन बसली होती. या महिन्यात पहिल्यांदा तिने बापाला शाळेतल्या भांडणांची नावं-गावं सांगायला सुरुवात केली होती. आणि तिकडून चुलतभाऊ फोनवर फोन करत होता. परदेशात कुठल्याशा इमारतीवर पहारा, दोन वर्षांचा करार, फौजेचा कागद दाखवला की तिकीट हातात. महिनाअखेर हो की नाही ते कळव. म्हणजे जी पंधरा वर्षं त्याला घरापासून दूर न्यायला टपली होती, तीच इथे घरात राहू देत नव्हती. एमोसीने रकान्यात ‘सरकारी ट्रक’ असं लिहिलं आणि अर्ज नेऊन दिला.

ब्रिजमती अम्माने त्याला आठवडाभर चाचणीवर ठेवलं. ती बाई बोलायला कमी आणि बघायला जास्त. पहाटे गाड्या सुटायच्या आधी व्हरांड्यात चहाचा मग घेऊन बसायची आणि कोण ड्रायव्हर कसा येतो, काय करतो, ते टिपायची. एमोसी यायचा, कागदी पुडक्यातली रोटी सीटवर ठेवायचा आणि बसभोवती एक फेरी मारायचा. चारही कोपऱ्यांत गुडघा टेकून गाडीच्या पोटाखाली बघायचा. मग गुडघे झटकून आत चढायचा. रोज, न चुकता.

“हा माणूस गाडीच्या पोटाखाली बघतो,” अम्मा तिसऱ्या दिवशी बाकीच्या ड्रायव्हरांना म्हणाली. “तुम्ही आरशात तोंड बघता. शिका जरा.”

एमोसीला वाटलं, जमलं. वळणावर मुलांना धरायला सांगणं, पुलावर दुसऱ्या गाडीला आधी जाऊ देणं, बसच्या ताडपत्रीचे पडदे पाऊस यायच्या आत सोडणं, सगळं त्याला आवडत होतं. मुलं त्याला गाणी म्हणायला लावत. दुपारी तीनला तो घरी असायचा. इतकं सुख त्याच्या वाट्याला फार वर्षांत आलं नव्हतं, आणि म्हणूनच कान अधूनमधून लाल व्हायचे.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, इनोके परतला. हा आवारातला मेकॅनिक, मामाच्या अंत्यविधीला डोंगरातल्या आपल्या गावी गेला होता. दोघांनी एकमेकांना गाव विचारलं, कारण आमच्याकडे नावाआधी गाव विचारतात. एमोसीने बेटाचं नाव सांगायचा अवकाश, इनोकेने पाना टाकून दिला आणि आरोळी ठोकली, “तौवू!”

आता संपलंच. इनोकेचं गाव आणि एमोसीचं बेट यांचा मूळपुरुष एक, आणि अशा दोन ठिकाणच्या माणसांना एकमेकांची यथेच्छ टिंगल करायची पूर्वापार मुभा. टिंगल करायची, जेवण पळवायचं, टोपी घ्यायची, आणि समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तर त्याचीच शोभा. इनोकेने एमोसीची रोटी तिथल्या तिथे उघडून अर्धी खाल्ली.

“मीठ कमी आहे. तुमच्या बेटावर समुद्र असून मीठ मिळत नाही का?”

“मिळतं. पण डोंगरातल्या चोरांसाठी आम्ही ते काढून ठेवतो.”

“अरे वा, मासळीला जीभ आहे!”

व्हरांड्यात अम्मासुद्धा हसली. तिने असले तौवू पुष्कळ पाहिले होते. एमोसी हसत हसत उठला आणि सवयीने बसभोवती फिरायला लागला. पहिला कोपरा, गुडघा, मान खाली. दुसरा कोपरा. इनोके रोटी चघळत बघत होता. तिसऱ्या कोपऱ्याशी तो एकदम खो खो हसत सुटला.

“अम्मा, बघा, बघा! हा तेलगळती नाही शोधत. बॉम्ब शोधतोय! माझा मेहुणा वाळवंटातून आला, तो अजून सासऱ्याच्या बैलगाडीखाली असाच वाकतो. काय रे बेटवाल्या, कुठल्या तुकडीत होतास? की तिथेही समुद्र शोधत फिरायचास?”

एमोसी गुडघ्यावरच राहिला. तौवूला उत्तर द्यावं लागतं, हे तो विसरला. त्याने व्हरांड्याकडे पाहिलं. अम्माचा मग खाली ठेवलेला होता आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू पार पुसलं गेलं होतं.

“फेरी करून ये,” ती म्हणाली. “मग वर ये.”

त्या फेरीत मुलांनी गाणं म्हणायचा हट्ट धरला आणि त्याने म्हटलंही, पण कुठलं म्हटलं ते त्याला नंतर आठवलं नाही. परत आल्यावर इनोके त्याच्याजवळ आला. “मी काही वाईट बोललो का?” त्याने हळूच विचारलं. “तू तौवू आहेस,” एमोसी म्हणाला. “तू बोलणारच.” आणि तो व्हरांड्याच्या पायऱ्या चढला.

अम्माने त्याला खाली बसायला सांगितलं नाही.

“खरं आहे?”

“खरं आहे, अम्मा. पंधरा वर्षं.”

“अर्जात का नाही लिहिलंस?”

“तुम्ही फाटकातून आत घेतलं नसतं म्हणून.”

“नसतंच घेतलं. दोन हजार साली कुठे होतास?”

या प्रश्नाचं सोपं उत्तर एमोसीजवळ होतं, आणि ते खरंही होतं. त्या सबंध वर्षात तो इथे नव्हताच. तेवढं सांगून तो हात झटकून मोकळा झाला असता. लितियाची आठवणही त्याला नेमकी त्याच क्षणी आली.

“वाळवंटात होतो. टँकर चालवत होतो,” तो म्हणाला. “पण अम्मा, ज्यांच्याबरोबर मी एका पातेल्यातलं खाल्लं, ती पोरं इथे होती. मी इथे असतो तर मलाही कुठेतरी उभं राहा म्हणून सांगितलं असतं. मी उभा राहिलो असतो. आणि तोंड फिरवलं नसतं, असं मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला ठाऊक नाही.”

अम्माने आवाराकडे पाहिलं. खाली इनोके उगीचच एक स्वच्छ चाक पुसत होता.

“वीस वर्षांत मला जो भेटला तो हेच म्हणाला, की मी असतो तर तसं होऊ दिलं नसतं,” ती म्हणाली. “शेजारी म्हणाले, पोलीस म्हणाले. जावई तर दर दिवाळीला म्हणतो.” तिने टेबलाच्या खणातून अर्ज काढला आणि पेन पुढे केलं. “लिही. काय होतास ते नीट लिही. माझ्या खणात अर्धवट कागद नको.”

एमोसीने उभ्याउभ्याच लिहिलं. फौज, पंधरा वर्षं, कॉर्पोरल, टँकरवर ड्रायव्हर. अक्षर वेडंवाकडं आलं. तिने वाचलं, खणात ठेवलं आणि कुलूप लावलं.

“आता घरी जा. मला विचार करू दे. सोमवारी सकाळी ये.”

शनिवार आणि रविवार त्याने कसे काढले ते वासितीलाच ठाऊक. रविवारी चर्चमध्ये तो चुकीच्या ओळीला आमेन म्हणाला. जमिनीत भाजलेला दालोचा कंद त्याने नुसताच चिवडला. चुलतभावाचा फोन दोनदा वाजला आणि दोनदा त्याने वाजू दिला. “तू खरं बोललास ना?” वासितीने विचारलं. तो हो म्हणाला. “मग जेव,” ती म्हणाली. “बघ, कान कसे साधे झालेत.” आणि गंमत म्हणजे नंतर त्याला चांगली झोप लागली.

सोमवारी तो आवारात शिरला तेव्हा अम्मा व्हरांड्यात नव्हती. ती त्याच्या बसच्या दाराशी उभी होती, आणि तिचा हात धरून सहा-सात वर्षांची एक मुलगी, निळ्या गणवेशात, केसांना भरपूर तेल, पाठीवर तिच्याहून मोठं दप्तर.

“ही प्रिषा, माझी नात,” अम्मा म्हणाली. “बसने कधी गेलेली नाही. मीच जाऊ देत नव्हते. रोज हिचा बाप मोटारीने सोडतो आणि रोज माझ्यावर चिडतो.”

एमोसीने वाकून तिचं दप्तर आपल्या हातात घेतलं.

“पुढच्या सीटवर बसव. वळणावर तिला उलटी होते, तेव्हा सावकाश घे. आणि दुपारी तिला उतरवल्याशिवाय तू घरी जायचं नाहीस. आजच नाही, रोजचंच सांगतेय. कळलं?”

“कळलं, अम्मा.”

तिने नातीला स्वतः उचलून पायरीवर चढवलं, फ्रॉक सारखा केला आणि मागे वळून न बघता व्हरांड्याकडे निघून गेली. एमोसीने पहिलं वळण इतक्या सावकाश घेतलं की मागची मोठी मुलं आरडाओरडा करायला लागली. दुसरं त्याहून सावकाश. प्रिषाला उलटी झाली नाही. डोळ्यांत पाणी येतं म्हणून थांबावं लागलं ते ड्रायव्हरलाच, पुलाच्या अलीकडे, एकही गाडी समोरून येत नसताना.