अन्नपूर्णेखालची किल्ली

जुनं रिव्हॉल्व्हर विकत घेणं म्हणजे समोरच्या माणसावर सभ्यपणे अविश्वास दाखवणं. माझ्या स्वभावाला याच्याइतका शोभणारा छंद दुसरा सापडला नसता. बायको म्हणते, तू भेंडी घेतानासुद्धा प्रत्येकीचा शेंडा मोडून बघतोस. बघतो. दुकानदार सोन्यासारखा असला तरी भेंडी निबर निघू शकते.

नेमबाजीसाठी बनवलेली जुनी रिव्हॉल्व्हरं मी जमवतो. लांब नळीची, नेम धरायचं मागचं निशाण बारीक स्क्रूने हलवता येणारी, अक्रोडाच्या लाकडाच्या मुठीची. बनवणारे कारागीर केव्हाच गेले, वस्तू अजून घड्याळासारखी चालते. घेताना मी भिंग आणि टॉर्च घेऊन जातो. स्क्रूच्या खाचा चेपलेल्या असतील तर कुणीतरी घरच्या घरी उघडून बघितलंय. कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट असतील तर घासून नवा निळा मुलामा चढवलाय, आणि विकणारा "ओरिजिनल आहे हो" म्हणत असेल तर खुशाल म्हणू दे. घोडा मागे ओढून गोळ्यांचं चक्र हलवून बघायचं. हललं तर झिजलंय, नमस्कार करून घरी यायचं.

त्यातलं माझं सगळ्यात लाडकं मी इथे न्यूझीलंडमध्येच, हिल्सबरोच्या एका म्हाताऱ्या गोऱ्याकडून घेतलं. त्याचे हात थरथरायला लागले होते, म्हणून तो नेमबाजी सोडत होता. त्याच्या डायनिंग टेबलावर टॉवेल अंथरून मी तासभर ते रिव्हॉल्व्हर उलटंपालटं केलं. कुठेच खोट सापडेना, त्यामुळे संशय आणखी वाढला. इतकं चांगलं असेल तर हा विकतोय कशाला? तेवढ्यात लक्षात आलं की म्हातारा रिव्हॉल्व्हरकडे बघतच नाहीये. तो माझे हात बघतोय. मी ते कसं उचलतो, नळी कुठे वळवतो, बोट ट्रिगरजवळ जातं का. शेवटी म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या भाषेत झकास. "तू नीट ठेवशील." दोन संशयी माणसांचं पटलं की फार बरं वाटतं. रोटोटुनाला घरी येईपर्यंत मी गाडीत एकटाच हसत होतो.

या देशात पिस्तूल बाळगायचं म्हणजे नियमांना अंत नाही. क्लबचं सभासद व्हायचं, नियमाने तिथे जाऊन नेमबाजी करायची, प्रत्येक खरेदीला आधी परवानगी काढायची. घरी काँक्रीटमध्ये बोल्ट मारलेली तिजोरी हवी. आणि मुख्य म्हणजे तिजोरीची किल्ली परवाना असलेल्या माणसाशिवाय कुणाच्याही हाती लागता कामा नये. कुणाच्याही म्हणजे बायकोच्यासुद्धा. परवान्याचं नूतनीकरण आलं की अधिकारी घरी येतात आणि बायकोला वेगळं बसवून किल्ली कुठे असते ते विचारतात. परवाना गेला तर सगळा संग्रह जातो, हिल्सबरोच्या म्हाताऱ्याने विश्वासाने दिलेलं रिव्हॉल्व्हरसुद्धा.

म्हणून मी किल्लीवर फार डोकं चालवलं होतं. चोर कुठे बघतील? ड्रॉवर, बूट, फ्रीज, फुलदाणी. चोर कुठे बघणार नाहीत? आमच्या देव्हाऱ्यात. तिथे बायकोने माहेराहून आणलेली पितळेची अन्नपूर्णा आहे, वाटीतल्या तांदळावर बसलेली. त्या तांदळात मी किल्ली पुरली. न्यूझीलंडमधला कुठला चोर देवीच्या बुडाखाली हात घालणार? माझ्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

नूतनीकरणाची भेट ठरली ती नेमकी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात. त्याआधी खंडेनवमीला बायकोने घरातल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावलं. मिक्सर, शिलाई मशीन, माझा लॅपटॉप, दोन्ही गाड्या. मग म्हणाली, "आणि तुझी शस्त्रं? खरं तर आजचा मान त्यांचा." मी साफ नाही म्हटलं. कुंकू पोलादाला लागलं, त्यात इथली दमट हवा, की निळ्या मुलाम्याची वाट लागते. ती म्हणाली, "बरं बाबा, राहू दे." इतक्या सहजासहजी ती कधी ऐकत नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

शनिवारी सकाळी क्लबला जाण्याआधी तिजोरी उघडली आणि लाडकं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. चक्र उघडायची जी छोटी खिटी असते तिच्यावर एक लाल ठिपका होता. आधी वाटलं गंज. तेलात बुडवलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसलं तर फडकं गुलाबी झालं. कुंकू. भिंगातून बघितलं तर त्याखाली मुलामा टाचणीच्या टोकाएवढा खाल्ला गेला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ती स्वयंपाकघरात पोहे भिजवत होती. मी फडकं तिच्यासमोर धरलं.

"तिजोरी तू उघडलीस."

"काय?"

"पूजा केलीस. माझ्या माघारी. नाही म्हटलं होतं ना मी? आणि येत्या शुक्रवारी ती अधिकारी बाई येतेय. तिला काय सांगणार आहेस?"

तिने चाळणी खाली ठेवली. ती हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली रोज तिच्या ताब्यात असते आणि आजवर एक गोळी इकडची तिकडे झालेली नाही. ती चिडली की आवाज चढवत नाही, उलट खाली आणते, पेशंटला डोस समजावून सांगावा तसा.

"हात दाखव," ती म्हणाली.

"माझा हात कशाला?"

"दाखव तर. उजवा."

मी हात पुढे केला. अंगठ्याच्या नखाच्या कडेला, कातडीच्या चिरेत, लाल रेघ होती.

"आत्ता किल्ली कुठून काढलीस? माझ्या अन्नपूर्णेखालून. तिला रोज कुंकू कोण वाहतं? ते कुठे पडतं, आकाशात? सगळे तांदूळ लाल असतात, अरे. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

मी अंगठ्याकडे बघत राहिलो. खिटी अंगठ्यानेच दाबतात. दर वेळी तांदळात बोटं घालून मीच तिला कुंकू लावत होतो.

"म्हणजे किल्ली तिथे आहे हे तुला माहीत होतं?" मी विचारलं. लाज वाटायच्या आधी मला संशयच आला, काय करणार.

"दर शुक्रवारी तांदूळ मी बदलते. तुला काय वाटलं, ते आपोआप बदलतात?" ती परत पोह्यांकडे वळली. "तिजोरीला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. आता किल्ली उचल आणि मला सापडणार नाही अशा जागी ठेव. ती बाई विचारेल तेव्हा मी खोटं बोलणार नाही."

मी किल्ली उचलली, पुसली आणि दुसरीकडे ठेवली. कुठे ते अर्थात सांगणार नाही. मग शुक्रवारपर्यंत तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होतो. ही सगळं सांगेल का? किती शुक्रवार तिने ती किल्ली हाताळली, हे सांगितलं तर माझं संपलंच. विचारायचं धाडस होत नव्हतं. संशयाला औषध नाही म्हणतात ते खरं आहे, मला तर उतारसुद्धा पडत नाही.

अधिकारी बाई वेळेवर आली. "किया ओरा" असा इथला नमस्कार करत तिने दारातच बूट काढले, तिजोरी हलवून बघितली, बोल्ट बघितले, प्रत्येक रिव्हॉल्व्हरचा नंबर तपासला. मग स्वयंपाकघराचं दार लावून बायकोशी बोलायला बसली. मला बाहेर थांबायला सांगितलं. मी वाळत घातलेले कपडे उगाच काढत होतो आणि खिडकीकडे कान लावून होतो. एकदा दोघी हसल्या. मग बराच वेळ बायकोच बोलत होती, आवाज खाली आणून, आणि माझ्या हातातल्या टॉवेलची घडी किती वेळा घातली गेली कुणास ठाऊक.

बाहेर आल्यावर बाई म्हणाली, "तुमच्या मिसेसना किल्ली कुठे आहे ते खरंच माहीत नाही. म्हणाल्या, हा माणूस कुणावरच विश्वास ठेवत नाही. आमच्या कामाला अशीच माणसं बरी." माझी काही हरकत नाही, म्हणाली, आणि गेली.

मी कपडे घेऊन आत आलो. बायको देव्हाऱ्यासमोर बसली होती. शुक्रवार होता. तिने वाटीतले लाल तांदूळ काढले, वाटी पुसली, नवे तांदूळ भरले आणि अन्नपूर्णेला वर बसवलं.

"थँक्यू," मी म्हणालो. "सांभाळून घेतलंस."

"मी काही सांभाळलं नाही. विचारलं ते सांगितलं." ती देवीला कुंकू लावत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "एक विचारू? किल्ली इथे का ठेवली होतीस?"

"चोराला सुचणार नाही म्हणून."

तिचा हात थांबला.

"हो का," ती म्हणाली. "पहिल्यांदा सापडली तेव्हा मला कळत होतं की हे नियमात बसत नाही. बोलायला हवं होतं. पण बोलले नाही. दर शुक्रवारी धुवायची, कोरडी करायची, परत तांदळात ठेवायची. मला वाटायचं, माझ्या माहेरच्या देवीपाशी ठेवलीय म्हणजे माझ्याजवळच ठेवलीय. जगात कुणावर नाही, पण माझ्यावर आहे याचा विश्वास."

तिने करंडा बंद केला आणि उठून पोळ्या करायला गेली. तिजोरी दाखवायला काढलेली किल्ली अजून माझ्या खिशात होती, आणि आता ती तिच्या हातात देणं गुन्हा होता.