गुणिले दोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच ठाऊक नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. चौसाळ्यात आमचं किराणा दुकान. मी रोज एसटीनं बीडला कम्प्युटर क्लासला जायचो, एसक्यूएल शिकायला — म्हणजे कम्प्युटरमधल्या याद्यांना प्रश्न विचारायची भाषा; त्या प्रश्नांना क्वेऱ्या म्हणायचे. तेव्हा जो तो कम्प्युटरच शिकत होता! मंगल आमच्याच गावची, त्याच क्लासला. तिचे आईबाप दरसाल दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. बापानं तिला एक वर्ष दिलं होतं — नोकरी लागली तर ठीक, न्हाईतर लग्न.

एका साखर कारखान्यात कम्प्युटरवर एक जागा निघाली. दोघांनीही अर्ज केले. परीक्षेत क्वेऱ्या लिहायच्या, त्याही उसाच्याच. आणि आमच्या पुस्तकात काय? साहेब, पगार, डिपार्टमेंट! सगळं बीड पालथं घातलं, उसाचा एक प्रश्न सापडेल तर शपथ. क्लासचे सर तर खेकसलेच, "उसाचे प्रश्न काय बांधावरून आणू बे?"

शेवटी मंगलनंच वही केली. ऊसतोडीच्या कोणत्या टोळीनं किती खेपा केल्या, कोणती गाडी दोन दिवस आलीच नाही — आईबापाला विचारून विचारून तिनं साठेक प्रश्न लिहिले. आणि वही मला दिली. मी दुकानदाराचा पोरगा. कोयता म्हणजे हत्यार, एवढंच मला माहीत. ती लई हसली. "अरे येड्या, एक कोयता म्हंजे नवरा-बायको. यादीत नाव गड्याचंच असतंय. माणसं मोजायची तर गुणिले दोन कर."

आता — सांगायचं ते सांगतो. तिच्या घरी फोन नव्हता. अर्जावर तिनं आमच्या दुकानाचाच नंबर दिला होता. कारखान्याचा फोन आला तो मी उचलला. गुरुवारी सकाळी दोघंही परीक्षेला या, म्हणाले. तिचं घर दुकानापासून किती लांब? शंभर पावलं. मी सांगायला गेलो नाही. विसरलो म्हणू? न्हाई हो, चांगलं ध्यानात होतं. ती माझ्याहून हुशार होती, आणि जागा एकच होती.

परीक्षेत टोळीची यादी दिली आणि विचारलं, किती माणसांच्या राहण्याची सोय करायची? बाकीच्यांच्या क्वेरीनं यादीतली नावं मोजली. मी पुढं गुणिले दोन केलं. शेतकी अधिकारी एकदम खूश. "ह्या पोराला ऊस कळतो," म्हणाले. मला लाज वाटली का? त्या दिवशी नाही वाटली. पेढे वाटले मी.

दिवाळीच्या आधीच मंगलचं लग्न ठरलं. दुकानात चहापत्ती घ्यायला आली तेव्हा तिनं एकदाच विचारलं, "माझ्यासाठी फोन आलाच न्हाई का रे?" मी तराजूकडं बघत "न्हाई" म्हणालो. ती "बरं" म्हणाली. वही तिनं मागितली नाही, मीही दिली नाही.

लग्न झालं, आणि त्याच हंगामात तिच्या नवऱ्याची टोळी आमच्या कारखान्यावर आली. यादी कम्प्युटरवर चढवायचं काम माझंच. तिच्या नवऱ्याचं नाव टाकलं. मंगलच्या नावाला रकानाच नव्हता. मग राहण्याच्या सोयीसाठी टोळीतली माणसं मोजली — तिनं शिकवलं होतं तशी.