आधी नाव, मग हात

कमल सिस्टर परीक्षेत नापास झाल्या होत्या.

हे आज लिहितोय, कारण त्यांना जाऊन वर्ष झालं. आता "ओ सर, सगळ्या गावाला कशाला सांगायलाव?" असा फोन येणार नाही.

मूळच्या लातूरकडच्या. तीस वर्षं नर्सिंग, त्यातली शेवटची अठरा चाकणच्या एका हॉस्पिटलात, डायबेटिसच्या टेबलावर. डॉक्टर चिठ्ठीवर इन्सुलिन लिहायचे. ते घ्यायचं कसं, हे सिस्टर शिकवायच्या.

कंपनीतला माणूस समोर बसला की पहिला प्रश्न साखरेचा नसायचा.

"या आठवड्यात शिफ्ट कुठली?"

आणि मग, "घड्याळाचं राहू द्या. डबा कधी उघडता ते सांगा."

मी त्यांचा पेशंट आणि शेजारीही. मोशीत एकाच बिल्डिंगमध्ये, त्या तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पहिल्या. संस्कृतात एम.ए. झालेला माणूस पेपरला चाकणच्या कांद्याचे भाव कळवतो, याची त्यांना फार गंमत वाटायची.

"संस्कृतात पण रडवतो का ओ कांदा?"

मग हॉस्पिटलने नियम काढला. टेबलावर बसायचं तर डायबेटिस एज्युकेटरचं सर्टिफिकेट हवं. नाहीतर परत वॉर्डात.

त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या पोरी कोर्स करून पास झाल्या. सिस्टर लेखीत पास झाल्या आणि प्रॅक्टिकलला उडाल्या.

तिथे एक गृहस्थ खोटे पेशंट म्हणून बसवले होते. सिस्टर आत गेल्या आणि म्हणाल्या, "शर्ट वर करा."

ते दचकले. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

ओळख नाही, परवानगी नाही, प्रश्न नाहीत. थेट पोटाला हात.

"ओळख काय करून द्यायची?" आमच्या सोफ्यावर बसून त्या म्हणाल्या. "बारा वर्षांत कुणी विचारलं नाही, तुम्ही कोण म्हणून."

डोळ्यांत पाणी होतं. मी पंख्याकडे बघत बसलो.

दुसरी संधी महिन्याने होती. ती गेली की टेबल गेलं.

"तुम्ही संस्कृतवाले. पाठांतर तरी शिकवा."

मी उत्साहाच्या भरात परीक्षेची अख्खी यादी अनुष्टुभात बसवली.

आदौ नाम ततोऽनुज्ञा ततः प्रश्नः करस्ततः।

आधी नाव, मग परवानगी, मग प्रश्न, मग हात.

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हे तर इंग्रजीपेक्षा अवघड झालं की ओ."

पण पाठ केलं. रोज संध्याकाळी बेल वाजायची. पेशंट अर्थातच मी.

"नमस्कार. मी सिस्टर कमल. इन्सुलिनबद्दल थोडं बोलायचं होतं. चालेल का?"

दोघंही हसायचो. स्वयंपाकघरातून आमच्या सौ. ओरडायच्या, "झाली का ओळख? मग चहा टाकते."

तीन दिवस हे नाटक प्रश्नांपर्यंतच पोचलं. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज पूर्ण करू. पोट तपासू का?"

"तपासा की," मी दानशूरासारखा म्हणालो.

बेंबीच्या डावीकडे त्यांचा हात थांबला.

"सर, हे काय?"

"काय?"

"तुमचा हात द्या इकडं."

माझाच हात धरून त्यांनी फिरवला. कातडीखाली चिकूएवढी मऊ गाठ.

"रोज इथंच टोचता?"

"तिथे दुखत नाही."

"दुखणार कसं? जागा मेलीये ती. इथं टोचलेलं इन्सुलिन अंगात धड जातच नाही. म्हणून तर डॉक्टर युनिट वाढवायलेत आणि साखर हलंना!"

रोज जागा बदला, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पुढे जिन्यात भेटलो तरी विचारायच्या, "जागा बदलता ना?"

मी मान डोलवायचो. सात वर्षं.

वाटलं, आता आपली धुलाई. पण त्यांनी माझा शर्ट नीट खाली ओढला.

"चूक माझीये," मग म्हणाल्या. "ओळखीचे म्हणून हातच लावला नाही. अनोळखी असता तर कधीच सापडली असती."

त्यानंतर धुलाई केलीच. "आणि शहाणपणा करून नवीन जागी तेवढाच डोस घेऊ नका. साखर धाडकन खाली येईल. उद्या आधी डॉक्टरांकडं."

महिन्याभरात माझी युनिटं बरीच उतरली.

सिस्टर पास झाल्या. सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले. मला अर्धा.

त्यानंतर टेबलाशी शिकायला आलेल्या प्रत्येक नर्सला एकच नियम. पेशंट दहा वर्षांच्या ओळखीचा का असेना, नावापासून सुरुवात करायची आणि हात लावल्याशिवाय उठायचं नाही.

"मान डोलवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका गं. आमचे सर बघा."

माझा श्लोक त्यातल्या एकीलाही आठवत नाही. माझी गाठ सगळ्यांना आठवते.

गेल्या वर्षी त्या स्वतःच त्या हॉस्पिटलात ॲडमिट होत्या. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी शेजारी बसलो होतो. तेजस्विनी आली. सहा वर्षं त्यांच्याच हाताखाली घडलेली मुलगी.

पलंगाशी नीट उभी राहिली.

"नमस्कार. मी सिस्टर तेजस्विनी. हाताची सुई बघायचीये. बघू का?"

सिस्टरांनी डोळे उघडले नाहीत. "बघ. पुढं?"

"दुखतंय का, मॅडम?"

"दुखतंय की गं."

तेजस्विनीने नाक ओढलं.

"रडतीस काय? चौथं राहिलं."

तिने त्यांचा हात हातात घेतला.

नमस्कार, सिस्टर. मी पहिल्या मजल्यावरचा तुमचा पेशंट.

आज उजवीकडे टोचलं.

दुखलं.