पोतनीसकाकांचं पेज

आमच्या इंदूरच्या हिंदी दैनिकात कधी बातमी कमी पडली, तर ती एजन्सीकडून घेता येते. किस्से मात्र बाहेरून मागवायची वेळ आमच्यावर कधी आली नाही. त्यात सोशल मीडिया ऑफिसात शिरल्यापासून ते इतके साचलेत, की चहाला बसल्यावर आज कोणता सांगायचा यावरून वाद होतात. बहुतेक सगळे पोतनीसकाकांचे आहेत.

पोतनीसकाका आमच्यातले सगळ्यात जुने वार्ताहर. जुनी इंदूर ही त्यांची बीट, म्हणजे तिथली नळापासून निवडणुकीपर्यंत प्रत्येक बातमी त्यांची. एक दिवस संपादक तिवारीजींनी फर्मान काढलं, की प्रत्येक रिपोर्टरने सोशल मीडियावर स्वतःचं पेज चालवायचं. दिवाळीपर्यंत ज्याचं पेज चालणार नाही, त्याची बीट जाणार आणि तो डेस्कवर बसणार.

काकांचा चेहरा उतरला. "मीनल, आता या वयात मी डेस्कवर बसून दुसऱ्यांच्या बातम्या कापू?" ते मला म्हणाले. "अगं, गल्ल्यांमध्ये फिरलो नाही तर मला जेवण पण हजम होत नाही." मला फार वाईट वाटलं.

*

ट्रेनिंगला दिल्लीहून एक मॅडम आल्या. "प्रत्येक कॉमेंटला उत्तर द्या," हा त्यांचा पहिला धडा. काकांनी तो मनावर घेतला.

त्यांच्या पहिल्याच पोस्टवर कोणीतरी लिहिलं, "बकवास." काका कित्येक वर्षं वाचकांच्या पत्रांचं सदरही बघत. त्यांनी लगेच उत्तर लिहिलं, "आपके पत्र के लिए धन्यवाद. कृपया अपना पूरा नाम और पता भेजें, इसके बिना पत्र प्रकाशित नहीं किया जा सकेगा."

त्या माणसाने घाबरून अकाउंटच बंद केलं. काकांच्या फॉलोअर्समधला एक कमी झाला, आणि मुळात होतेच किती!

*

मग काका आमच्या इंदूरच्या लालबागेतल्या मेळ्यातून लाइव्ह गेले. आम्ही सगळे ऑफिसात फोन उघडून बसलो. काकांनी फोन एका स्टॉलवर टेकवून ठेवला, खिशातून डायरी काढली आणि मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. पाठीमागे आकाशपाळणा फिरतोय, लोक पापड खातायत, आणि काका एक शब्द बोलत नाहीत.

खाली कॉमेंट आली, "भिया, आवाज नहीं आ रही."

काकांनी चष्मा वर केला, फोनजवळ आले, कॉमेंट वाचली आणि टाइप केलं, "विस्तृत समाचार कल के अंक में."

परत आल्यावर मी विचारलं, "काका, बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "मी कव्हर करत होतो ना. कव्हर करताना रिपोर्टर बडबड करतो का?"

*

मॅडमचा दुसरा धडा होता, फॉरवर्ड आला की त्याचा उगम शोधा. त्याच आठवड्यात राजेंद्र नगरात बिबट्या दिसल्याचा मेसेज फिरू लागला. काका स्वतः राजेंद्र नगरात राहतात. त्यांनी ज्याने मेसेज पाठवला त्याला फोन केला, मग त्याला ज्याने पाठवला त्याला, मग त्याच्या मावशीला. असं करत करत सगळा दिवस गेला. संध्याकाळी शेवटचा धागा येऊन पोचला तो काकांच्याच स्वयंपाकघरात.

काकू शांतपणे भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, "हाओ, मीच टाकला. तुम्ही संध्याकाळी वॉकच्या नावाने निघता अन् कचोरी खाऊन येता. डॉक्टरने मना केलंय ना? मग मला दुसरं काही सुचलं नाही."

काकांनी बातमी दिली, की बिबट्याची अफवा निराधार आहे. तिवारीजींनी विचारलं, "फैलाई किसने? नाम डालिए." काका ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "सर, मैं अपना सोर्स नहीं खोलता. मुझे उसी घर में खाना है."

*

दिवाळी जवळ आली तरी पेज काही चालेना. तेवढ्यात जुनी इंदूरच्या रहिवाशांनी काकांचा सत्कार केला. काकांनी हार घातलेला फोटो काढून घेतला. रंगीत फोटो पिकनिकसारखा दिसतो म्हणून तो ब्लॅक अँड व्हाइट केला. मॅडमनी कमी लिहायला सांगितलं होतं, म्हणून खाली फक्त स्वतःचं नाव टाकलं आणि जेवायला गेले.

जेवून परत आले ते थेट माझ्या टेबलाशी. "मीनल, मी गेलो."

"कुठे?"

त्यांनी फोन पुढे केला. सगळीकडे ॐ शांति, विनम्र श्रद्धांजली आणि जोडलेले हात. शेअरवर शेअर होत होते. अर्धं इंदूर काकांच्या पेजवर येऊन रडत होतं.

तिवारीजी केबिनमधून धावत आले. काका जिवंत दिसल्यावर त्यांनी आधी श्वास सोडला, मग पेज बघितलं आणि खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "पोतनीसजी, बीट आपकी. डेस्क की बात खत्म. बस खंडन आज मत डालिए, रीच बहुत अच्छी जा रही है."

काकांचे डोळे भरून आले. पण ते म्हणाले, "नहीं सर. खबर गलत है, तो खंडन जाएगा."

तेवढ्यात वरच एक नवी कॉमेंट आली. त्यांच्या बीटमधल्या नगरसेवकाची. वस्तीतल्या फुटलेल्या पाइपलाइनबद्दल विचारायला काका त्याला कित्येक महिने फोन करत होते आणि त्याने एकदाही उचलला नव्हता. त्याने लिहिलं होतं, "पोतनीसजी मेरे बड़े भाई थे. वार्ड की हर समस्या पर हमारी रोज़ बात होती थी. उनकी कमी हमेशा खलेगी."

काकांनी ते दोनदा वाचलं. प्रत्येक कॉमेंटला उत्तर द्यायचंच, हा त्यांचा नियम. त्यांनी चष्मा पुसला आणि आमच्या सगळ्यांसमोर, एका बोटाने, सावकाश टाइप केलं:

"धन्यवाद. पाइपलाइन वाली बात रह गई है. आज रात आपके घर आ रहा हूँ."