पोरगी पाहायला निघालेली जीप

आंधळगावात एक बुढा होता, त्याची बुढी होती, दोन पोरं होती, अन् या साऱ्यांवर भारी पडणारी एक जुनी जीप होती. बुढी म्हणजे मीच! थोरला सुधाकर जीप चालवायचा. धाकटा रमेश तेहतिशीला आला तरी बिनलग्नाचा. त्याच्यासाठी पोरगी पाहायला निघालो की एक किस्सा घेऊनच परत यायचो. गावतळ्यात, आमच्या बोडीत, गाळ साचावा तसे साचले ते. पोरगी काही मिळेना!

*

पहिल्यांदा अड्याळला निघालो. पंपावर सुधाकर पान खायला उतरला. इकडे बुढ्यानं हुकूम सोडला, "पेट्रोल टाक!"

पंपवाला म्हणे, "बाबा, गाडी डिझलची हाय ना?"

"हाय. रोज डिझलच पिते बिचारी. आज शुभकामाले चालली, आज महागाचं पाज!"

पोळ्याला बैलाला पुरणपोळी चारतात ना, तसा मान दिला जीपीला! पण तो मान तिला पचला नाही. पुढच्या नाल्यापर्यंत खोकली, थरथरली अन् गप्प झाली.

मेकॅनिक टाकी उपसता उपसता बुढ्याकडे पाहून राहिला. बुढा उलट त्यालाच म्हणे, "टाकलं तर टाकलं! हलकं तर नाही ना टाकलं?"

तेवढ्यात पोरीच्या बापाचा फोन. "पोहे तीनदा गरम केले जी. आता आम्हीच खातो!"

*

मग सिहोऱ्याला. गावात शिरताना म्हैस आडवी आली. सुधाकरनं हॉर्न दाबला. म्हैस हटली, हॉर्न हटेना!

पोरीच्या अंगणापर्यंत वाजतच गेलो. सुधाकर बॉनेट उघडून वायर शोधत बसला अन् आत कार्यक्रम सुरू. पोरीचा मामा विचारे, रमेशला काही ऐकू जाईना. तो आपला नम्रपणे मान हलवे.

मी मामाच्या बाजूलाच बसली होती, मला ऐकू आलं. "दारू घेता काय?"

रमेश म्हणे, "हो जी!"

"रोज?"

"हो जी, तुमच्या आशीर्वादानं!"

हॉर्न बंद झाला तेव्हा आम्ही चपला शोधून राहिलो होतो.

*

तिसऱ्या खेपेला मागचं दार सुतळीनं बांधलं होतं. वळणावर सुतळी सुटली अन् बुढा थेट धानाच्या बांधीत! चिखल मऊ, लागलं काहीच नाही. पण आम्हाला पत्ता कुठे? सारे पुढे डोळे लावून बसलेलो.

पोरीच्या आईनं दारात विचारलं, "पोराचे वडील नाही आले?"

सुधाकर मागे पाहून म्हणतो, "आत्तापर्यंत तर होते!"

*

मग नातेवाईक सांगू लागले, "पोरगा सोन्यासारखा हाय. जीप तेवढी घरी ठेवून या!"

बुढा भडकला. "जीपीले नावं ठेवणाऱ्याची पोरगी मले नाही पायजे!"

रमेश हळूच म्हणे, "बाबा, हे एक ठिकाण पाहू. नाही जमलं तर मी लग्नाचा नाद सोडतो."



*

ते ठिकाण मोहाडीकडचं. पोरीचं नाव वर्षा. पोहे झाले, चहा झाला. तिचा बाप म्हणे, "कळवतो." हे 'कळवतो' आम्ही लई ऐकलं होतं. रमेशचं तोंड उतरलं.

बाहेर येऊन पाहतो तं जीप मुकी! बॅटरी बसली. आम्ही धक्का मारून दमलो.

वर्षा ओढणी खोचून बाहेर आली. घरचा ट्रॅक्टर तीच चालवायची. सुधाकरला म्हणे, "भाऊ, तुम्ही बी खाली या. धक्क्याले माणूस कमी हाय. स्टेअरिंग मी धरतो."

रमेश गिअर दाखवायला बाजूला बसला. तिचा बाप, आमचा बुढा, मी, सारे मागून! जीप भडभडली, धूर सोडला अन् वळणावरून दिसेनाशी झाली.

"येईल फेरी मारून," तिचा बाप म्हणाला.

नाही आली. फोन लावले, कोणी उचलेना. शेवटी तिच्या बापालाच सोबत घेऊन ऑटोनं आंधळगावला आलो.

अंगणात जीप उभी. वर्षा खाटेवर बसलेली. रमेश चहा गाळून राहिला होता.

तिचा बाप ओरडला, "अवो, हे काय?"

"बंद केली असती तं पुन्हा चालू झाली नसती, बाबा. म्हणून थेट घरीच आणली."

मग माझ्याकडे वळली. "मावशी, मले घर पसंत हाय. तुमचं काय?"