सुरंगीच्या वळेसराचा दिवस

वर्षातून एकच दिवस नलूकाकी केसांत सुरंगीचा वळेसर माळायच्या, आणि तो दिवस ना पाडव्याचा, ना गणपतीचा. जवळच्या कॉलेजात विज्ञान महोत्सव भरायचा त्या दिवशी या आमच्या मांडवीतल्या शेजारीणबाई ट्रंकेतली मोरपिशी साडी नेसून सकाळीच माझ्या दारात उभ्या. "चल गो, रांग लागंल!"

काकींचे यजमान बोटीवर होते. ते वारले आणि तेव्हापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं काकींच्या दारावरून पुढे जायला लागलं. काकींनी कधी तक्रार केली नाही. दार लोटून घ्यायच्या आणि कोरा चहा पीत बसायच्या. दूध त्यांना मानवत नसे, त्यामुळे घरात यायचंच नाही.

महोत्सवात मात्र त्यांना आवरणं कठीण. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा बघताना त्या अशा रमल्या, की मागची रांग कुरकुरायला लागली. "जल्मभर कांदा चिरला, पन आत येवढ्या खोल्या हायत ता म्हायत नव्हता!" तिथल्या विद्यार्थिनीला इतके प्रश्न विचारले, की ती बिचारी सरांना बोलवायला पळाली.

मी एकदा चिडवलं, "काकी, कळतं का हो सगळं?"

"कळला नाय तरी बघून घ्यायचा. हितं कोन माज्या कपाळाकडं बघीत नाय गो. सगळी त्या भिंगातून बघतात."

गेल्या वर्षी मोठे पाहुणे येणार म्हणून संयोजकांनी थाट केला. दारात नटलेल्या मुली, हातात हळदीकुंकवाची तबकं. मला कुंकू लागलं. काकींपर्यंत आलेला मुलीचा हात मध्येच थांबला. काकीच हसल्या. "ऱ्हावंदे बाय, मागच्यांस लाव." मग माझ्याकडे वळल्या. "तू बघून ये. मी जाते. ग्यासवर दूध ठेवलाय."

मी मागोमाग निघाले, पण त्या भराभर चालत होत्या. वळेसर काढून त्यांनी मुठीत धरला होता. फार वाईट वाटलं मला, अजून वाटतं.

संयोजकांना जाऊन सांगितलं, तर ते ओशाळले. "आमच्या लक्षातच आलं नाही हो." माणसं वाईट नव्हती.

काकी श्रावणात गेल्या. यंदा दारात तबकं नव्हती. येईल त्याला कागदी बिल्ला लावत होते. लावणारी मुलगी तीच. माझा बिल्ला लावून झाला तरी ती माझ्या पाठीमागे बघत होती.

"त्या आजी नाही आल्या?" तिने विचारलं. दुसरा बिल्ला तिने हातात घेऊन ठेवला होता.