बदलायची राहून गेलेली एक जागा

माझी सून वृंदा भित्री आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि ती हसते. कुलूप लावेल, ओढून बघेल, जिना उतरेल, परत चढेल आणि परत ओढून बघेल. श्रीकांत, म्हणजे माझा मुलगा, बँकेच्या बदलीवर सिलिगुडीला. त्यामुळे बेहाल्याच्या या घरात आम्ही दोघीच, आणि या कुलूपओढीचा सगळा ताप मला. माझा जन्मच कोलकात्यातला, इतकी वर्षं इथे काढली, चोर काही आला नाही, पण बाईसाहेबांना पटेल तर शपथ! पण त्या शनिवारी ती खरोखर घाबरलेली बघितली, तेव्हा मला चेष्टा सुचली नाही.

तिचं काम काय, हे मला कळायलाच फार दिवस गेले. न्यू टाउनच्या एका कंपनीत ती पुस्तकं लिहिते. गोष्टींची नव्हेत, कॉम्प्युटर कसा चालवायचा त्याची. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, ते कुणीतरी आधीच लिहिलं असेल ना? तू परत काय लिहितेस?" तेव्हा तिने मला समजेल असं सांगितलं. "आई, समजा पुण्याच्या बाईंनी कृती लिहिली की ओट्याखालच्या डाव्या डब्यातलं मीठ घाला. त्यांच्या घरी डाव्या डब्यात मीठच आहे. आपल्या घरी तिथे धुण्याचा सोडा असतो. मग आपल्या घरासाठी 'डाव्या' खोडून 'उजव्या' नको का करायला?" झालं, हेच तिचं काम. बाहेरून आलेल्या प्रोग्रॅमचं पुस्तक घ्यायचं, आणि त्यात जिथे जिथे अमुक फाइल अमुक जागी आहे असं म्हटलंय, तिथे तिथे यांच्या कंपनीने गिऱ्हाइकांना दिलेल्या यंत्रांवर ती खरी कुठे असते ते घालायचं.

त्या वेळी हातात होता तो प्रोग्रॅम काळ्या पडद्यात एकाशेजारी एक खिडक्या उघडणारा. त्याची गंमत अशी, की खिडकीत काम लावून द्यावं, पडदा बंद करून घरी जावं, काम मागे चालूच राहतं. परत येऊन तीच खिडकी उघडायची. उघडायला प्रत्येक खिडकीचं एक छोटंसं दार एका फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं. जुनी, मेलेली दारं साठली की दुसऱ्या एका फोल्डरमध्ये जातात, आणि तो अधूनमधून रिकामा करायचा असतो. एवढं मला कळलं, याहून जास्त विचारू नका.

तर शनिवारी जेवणं झाली, मी जरा आडवी झाले होते. ऑफिसने वृंदाला नवा लॅपटॉप दिला होता, तो घेऊन ती जेवणाच्या टेबलापाशी बसली होती. कुठल्याही नव्या यंत्रावर आधी आपलीच पानं, आपण अगदी अडाणी आहोत असं समजून, ओळीन् ओळ करून बघायची, ही तिची पद्धत. थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. इतकं काहीच नाही की मी उठून बाहेर आले. ती उभी होती. ओठ पांढरेफटक.

"आई, एक जागा बदलायची राहिली."

"मग बदल की! एवढं काय?"

"पान आठवड्यापूर्वीच गिऱ्हाइकांना गेलंय. त्यात लिहिलंय की हा फोल्डर रिकामा करा. मूळ पुस्तकाप्रमाणे तो मेलेल्या दारांचा. पण आमच्या यंत्रांवर त्याच नावाच्या फोल्डरमध्ये जिवंत दारं असतात."

मी म्हटलं, अगं, पण तू तर सगळं करून बघतेस! तर तिने कपाळावर हात मारून घेतला. जुन्या लॅपटॉपवर, मूळ पुस्तक शेजारी ठेवून वाचायला सोपं जावं म्हणून, तिने मूळ पुस्तकातली आणि कंपनीची अशा दोन्ही जागी मेलेलीच दारं ठेवण्याची सोय केली होती. म्हणजे डाव्या डब्यातही मीठ आणि उजव्या डब्यातही मीठ. कुठलाही डबा उघडा, आमटी बरोबरच होणार. आणि या शहाणीला ते आठवलंच नाही! स्वतःच्या सोयीने स्वतःलाच फसवलं.

कंपनीत फोन झाले. ज्यांना ज्यांना पान गेलं होतं त्यांना दुरुस्तीची मेल तिथल्या तिथे गेली. मला वाटलं, मिटलं. पण वृंदा फोन खाली ठेवेना.

हावड्याच्या एका इस्पितळाच्या रक्तपेढीत तन्मयदा म्हणून आहेत. रक्ताच्या पिशव्यांचे जे फ्रीज असतात, त्यांचं तापमान बघणारं, वृंदाच्याच कंपनीचं यंत्र ते सांभाळतात. फ्रीज तापायला लागला की त्या काळ्या पडद्याच्या खिडकीत घंटा वाजते. पण ती खिडकी पडद्यावर उघडी असेल तरच वाजते. साफसफाईआधी ती बंद करायची असते, आणि दारच गेलं तर परत उघडायची कशी? आणि तन्मयदांनी सकाळीच कळवलं होतं की शनिवारी दुपारी गडबड नसते, तेव्हा जेवून खाली बसतो आणि तुमच्या पानाप्रमाणे सगळी साफसफाई करून टाकतो. यंत्र तळघरात, मुद्दाम बाहेरच्या जगाशी न जोडलेलं. तिथे मोबाइल लागत नाही आणि मेल बघायला माणसाला वर यावं लागतं.

वृंदाने त्यांचा मोबाइल लावला, लावतच राहिली. मग रक्तपेढीचा फोन. कुणीतरी उचलला. "तन्मयदांना सांगा, काही करू नका, थांबा!" ही ओरडलीच. पलीकडून "आच्छा, आच्छा, बोले देबो", म्हणजे सांगतो, असं आलं आणि फोन ठेवला गेला. त्या आवाजात सांगायला जाण्याची काही चिन्हं नव्हती हो. मला इथे बसून कळलं.

"मी जाते," ती म्हणाली.

"मीही येते." तिला एकटीला सोडायची माझी हिंमत नव्हती. आणि खरं सांगू? तिला सोडून घरी वाट बघत बसायची त्याहून नव्हती. पहिल्यांदाच असं झालं की कुलूप मी लावलं आणि तिने ओढून बघितलं नाही.

टॅक्सी मिळाली. माझेरहाटच्या पुलावर नेहमीसारखं सगळं तुंबलेलं. वैशाखातली दुपार, खिडकीची काच हाताला चटका देत होती. मला सारखं वाटायचं, बाहेर इतकं तापलंय, तर त्या फ्रीजचं काय होत असेल? वृंदा ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. म्हणून मीही घेऊ लागले. मग कळलं की ती एक आज्ञा पाठ करतेय. पुस्तकाच्या अगदी शेवटी एक ओळ होती. दारं गेली तरी खिडकी आतून चालूच असते. प्रोग्रॅमला बाहेरून एक खूण पाठवली तर तो आपली दारं पुन्हा बांधून घेतो. ती ओळ आपल्या पुस्तकातून काढूनच टाकावी, कुणाला लागणार आहे, असं तिच्या मनात आलं होतं म्हणे. "आई, मी ही कधी करून बघितलेली नाही," ती म्हणाली. विद्यासागर सेतूवर चढलो तेव्हा तिने माझा हात धरला. मी ड्रायव्हरवरच खेकसले, जरा घाई कर म्हणून, "एकटू ताडाताडी, भाई!"

तळघरात तन्मयदा अगदी निवांत बसले होते. गोल चेहरा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पुढ्यात मुडीची, म्हणजे कुरमुऱ्यांची पुडी. आम्हाला बघून उठलेच.

"वृंदादी! तुम्ही इथे? आणि या माशीमा?" माशीमा म्हणजे मावशी, म्हणजे मी. मग मोठ्या उत्साहाने पडद्याकडे बोट. "झालं बघा सगळं. पानावर लिहिलंय तस्संच. यादी रिकामी आली."

यादी रिकामी आली म्हणजे साफसफाई नीट झाली, असं त्याच पानावर लिहिलेलं होतं. वृंदानेच लिहिलेलं. समोर यंत्र गुपचूप, माणूस खूश, आणि कुठे काही वाजत नाही! काहीतरी जळतंय, कोसळतंय असं दिसलं असतं तर बरं वाटलं असतं हो. ही शांतता मला बघवेना.

"मगाशी लाइट गेली होती का?" वृंदाने विचारलं. फ्रीज दगा देतात ते अशाच वेळी.

"गेली ना. जनरेटर लागला लगेच."

ती त्यांच्याच खुर्चीत बसली. पहिल्यांदा चुकलं, खोडलं, परत लिहिलं. मग तिने बटण दाबलं आणि डोळे मिटले. माझी सून, जी कुलूपसुद्धा डोळे फाडून बघते, तिने डोळे मिटले.

यादीत एक ओळ उगवली. तिने खिडकी उघडली, आणि अख्खा पडदा लाल ओळींनी भरला, आणि घंटा सुरू झाली. टणटणटणटण, थांबेचना. आत एवढा वेळ ती बिचारी ओरडतच होती. लाइट गेल्यानंतर कोपऱ्यातला एक फ्रीज परत चालूच झाला नव्हता. तन्मयदांच्या हातातली मुडी सांडली. "अरे बाबा! उद्या सकाळी थॅलेसेमियाची मुलं रक्त घ्यायला यायची आहेत!" असं म्हणत ते जिन्याकडे धावले.

पिशव्या दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवल्या. डॉक्टरीणबाई आल्या, चष्मा लावून त्यांनी पडद्यावरच्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. आत चालू राहिलेल्या त्या खिडकीने मिनिटामिनिटाचं तापमान लिहून ठेवलं होतं. सहा अंशांच्या वर जायला नको असतं, ते पाच पूर्णांक आठवर पोचलं होतं. "चालेल," बाई म्हणाल्या, "सगळ्या चालतील." मी तिथेच एका खोक्यावर बसले आणि चक्क रडले. लाज कसली!

वृंदाने तन्मयदांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. चूक माझी, जागा बदलायची राहिली, तुम्ही पानाप्रमाणेच केलंत. मला वाटलं, आता हा माणूस बरंच बोलेल, आणि बोलला तर आपण मध्ये पडायचं नाही. पण त्यांनी चहा मागवला.

"तुम्ही धावत आलात की. कोण येतं एवढं?" ते म्हणाले. "वृंदादी, तुमची पानं म्हणजे, कसं सांगू, त्यात डोकं चालवावंच लागत नाही. बाकीच्यांच्या पुस्तकात सगळं अर्धवट, आपणच शोधत बसा. तुमचं पान आलं की मी आधी आमच्या सगळ्या मित्रांसाठी झेरॉक्स काढतो."

वृंदाचा कप ओठापाशीच थांबला.

"कुठल्या मित्रांसाठी?"

"आहेत की आमच्यासारखेच! कुणी श्रीरामपूरला, कुणी वर्धमानला. छोट्या रक्तपेढ्या, तुमच्या कंपनीने यंत्र दिलं ते पुढे कुणी कुणाला जुनं म्हणून विकलेलं. त्यांना कंपनी कुठली विचारते, कुठली मेल पाठवते? मग ते पुढे आणखी कुणाला देतात. एवढं चांगलं लिहिलेलं, वाटायला नको?"

"हे पानसुद्धा दिलंत?"

"हे तर पहिलं दिलं," तन्मयदा म्हणाले आणि हसता हसता एकदम गप्प झाले.

वर रस्त्यावर एक बस हॉर्न वाजवत गेली. मग वृंदाने कप खाली ठेवला, फोन काढला आणि म्हणाली, "दादा, तुम्हाला आठवतंय तेवढी नावं सांगा." आणि जिना चढून, जिथे फोन लागतो तिथे, उन्हात जाऊन उभी राहिली.